आम्ही तुमचं काहीही ऐकत नाही

कंपनीत खुर्च्या दोन होत्या आणि माणूस एक. दुसऱ्या खुर्चीवर बसणारा भागीदार थंडी सुरू व्हायच्या आधीच एका मोठ्या कंपनीत नोकरीला लागला होता. जाताना तो स्वतःचा कप आठवणीने घेऊन गेला, खुर्ची मात्र राहू दिली. संस्थापक तिच्यावर कधी पिशवीसुद्धा ठेवत नसे. न जाणो, कोणी आलं तर. खोलीच्या खाली लॉन्ड्री होती. तिथली वाफ जिन्याने वर येई आणि दुपारपर्यंत खिडकीच्या काचा धूसर होऊन जात. त्यामुळे बाहेर काय चाललं आहे ते दिसत नसे, आणि बाहेरच्यांनाही आत काही चाललं आहे असा संशय येत नसे.

संस्थापक हा शब्द जरा मोठाच आहे. चाळिशी ओलांडलेला, विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडून आलेला, रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं की दुकानाच्या काचेत काहीतरी निरखत उभा राहणारा तो एक भिडस्त गृहस्थ होता. पण अर्जात 'संस्थापक' असा रकाना होता आणि त्यात लिहायला दुसरं नाव नव्हतं, म्हणून आपणही त्याला तेच म्हणू.

कंपनीचं नाव होतं 'सोबत'. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तिचं यंत्र रोज सकाळी फोन करी. एक गोड आवाजाची बाई विचारी, "बरं आहे ना? बरं असेल तर एक दाबा, नसेल तर दोन दाबा." दोन दाबलं की नातेवाइकाला निरोप जाई. कोणी काहीच न दाबता बोलत सुटलं तर काय करायचं, हा प्रश्न भागीदाराने सोडवून ठेवला होता. त्याने एके दिवशी संस्थापकासमोर मोबाइल धरला आणि त्याच्या तोंडून तीन गोष्टी वदवून घेतल्या: "हं", "मग?" आणि "खरं सांगता?" समोरचं माणूस बोलता बोलता थांबलं की यंत्र यांतलं एक काहीतरी म्हणे. भागीदाराच्या मते माणसामाणसांतही याहून जास्त काही होत नाही.

हे सगळं ज्या संगणकांवर चाले ते त्या खोलीत नव्हते. ते दूर कुठेतरी एका क्लाउड कंपनीच्या मालकीचे होते आणि भाड्याने घेतलेले होते. ही कंपनी नव्या स्टार्टअपना क्रेडिट देत असे; म्हणजे वर्षभर संगणक वापरा, भाडं नको. फक्त आपण पात्र आहोत हे सिद्ध करायचं. संस्थापकाची चाचणीची मुदत महिनाअखेर संपत होती. तोवर क्रेडिट मिळालं नाही तर यंत्र बंद, सकाळचे फोन बंद, आणि त्याला विम्याच्या कचेरीत परत जाऊन जुन्या साहेबांपुढे उभं राहावं लागणार होतं. साहेब काही बोलले नसते. ते फक्त चष्म्यावरून बघत, आणि नोकरी सोडण्यामागे मुख्य कारण ते बघणंच होतं.

पहिला अर्ज लगेच परत आला. कारण असं, की ईमेलचा पत्ता घरगुती आहे, कंपनीच्या नावाचा नाही. संस्थापकाने नवा पत्ता घेतला आणि पुन्हा अर्ज केला. मग उत्तर आलं की कंपनीला वेबसाइट नाही. त्याने दोन दिवस खपून वेबसाइट केली. 'आम्ही कोण' या पानावर 'आम्ही मानतो', 'आमची माणसं', 'आमच्या घरी या' असं तो मोकळ्या हाताने लिहीत गेला. विम्याच्या पत्रांत सगळं 'आम्ही'च असतं, त्यामुळे हाताला सवय होती. लिहून झाल्यावर वाचलं तर खोलीत बरीच माणसं आहेत असं त्याला क्षणभर वाटलं. मग ग्राहकांना विश्वास वाटावा म्हणून पहिल्याच पानावर, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत, त्याने छापलं: 'आम्ही तुमचं काहीही ऐकत नाही.' म्हणजे फोनवरचं बोलणं साठवत नाही, ग्राहकाचं नाव कोणाला दाखवत नाही. ते खरंच होतं. भागीदाराने सगळ्या नावांचे क्रमांक करून टाकले होते आणि कुठला क्रमांक कोणाचा हे तो एकटाच उलगडू शकत होता.

तिसरं उत्तर मात्र वेगळं आलं. आधीच्या दोन्ही उत्तरांत 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो' हे वाक्य होतं, या वेळी ते नव्हतं. लिहिलं होतं की आपल्या खात्यावरचा वापर तपासला असता तो खऱ्या माणसाचा वाटत नाही. बाकीचे ग्राहक एक बटण दाबतात आणि फोन ठेवतात. ग्राहक क्रमांक चार मात्र सकाळी फोन उचलतो तो तासन्‌तास ठेवतच नाही. असं कोणी माणूस करत नाही. क्रेडिट उकळण्यासाठी खोटा वापर दाखवणाऱ्यांना आम्ही पात्र धरत नाही.

संस्थापकाच्या कानशिलांना घाम फुटला. आयुष्यात प्रथमच त्याच्यावर लबाडीचा आळ आला होता, आणि तोही अशा कामाबद्दल, जे करण्याइतकी अक्कल त्याच्याकडे नव्हती. त्याने मदत-खिडकी उघडून नम्रपणे लिहिलं की ग्राहक खरा आहे. पलीकडून लगेच आलं, 'आपलं म्हणणं आमच्यापर्यंत पोहोचलं आहे.' त्याने विचारलं की आता मी काय करू. 'आपलं म्हणणं आमच्यापर्यंत पोहोचलं आहे.' मग त्याला शंका आली. त्याने भीत भीत विचारलं, की राग मानू नका, पण आपण माणूस आहात का?

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, 'हो. तुमचा ग्राहक आहे का?'

ठरलं ते असं, की ग्राहक क्रमांक चारला व्हिडिओवर पडताळणीसाठी हजर करायचं. ग्राहक माणूस निघाला तर अर्ज पुढे सरकेल. आता हा चार कोण? भागीदाराला फोन केला तर 'मीटिंगमध्ये आहे' असा निरोप आला, आणि संध्याकाळीही तो त्याच मीटिंगमध्ये होता. ग्राहक बोटांवर मोजण्याइतकेच होते आणि सगळे कोणाच्या ना कोणाच्या ओळखीने आलेले. घरोघरी जाऊन विचारण्यावाचून इलाज नव्हता. लोकांच्या दारावरची घंटा वाजवावी लागू नये म्हणून ज्याने फोन करणारं यंत्र काढलं, त्याच्यावर ही पाळी आली.

पहिली घंटा लॉन्ड्रीवाल्याच्या घरची. त्याची आई कॉटवर बसून मोजे जोडत होती. ती म्हणाली की फोन येतो आणि मी एक दाबते. तब्येत बरी असते ना, असं संस्थापकाने विचारलं.

"कसली बरी. गुडघे गेलेत," म्हातारी म्हणाली. "पण दोन दाबलं की सून येते."

दुसरे होते भागीदाराचे सासरे. ते सुरक्षारक्षकाला शोभेल अशा पवित्र्यात दारात उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की रोज सकाळी एक बाई फोन करून मला काहीतरी दाबायला सांगते, मी असल्या ठकांना ओळखून आहे, मी तिला दोन शिव्या घालतो आणि ठेवतो; दिवस चांगला जातो. तुम्हाला कोणी पाठवलं, असं त्यांनी विचारलं तोवर संस्थापक जिना उतरू लागला होता.

असं करत करत यादीतली सगळी घरं झाली. उरलं एक. ते शेवटी ठेवायचं कारण त्याला माहीत होतं, म्हणून त्याने ते मनात उच्चारलं नाही. आत्याचं घर बसने चार थांब्यांवर होतं. आईवडील गेल्यावर याच आत्याने त्याला शाळेपासून नोकरीपर्यंत वाढवलं होतं. तिच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता आणि रविवारी येऊन दुरुस्त करतो असं त्याने तिला सांगितलं होतं. तो रविवार काही आला नाही. मग नळ न बघता नुसतं भेटायला जायची लाज वाटू लागली, आणि ही लाज आठवड्यागणिक वाढत वाढत त्याचं जाणंच बंद झालं. मधल्या काळात त्याने एक केलं: आत्याचा नंबर यंत्रात घातला. तिने कधी दोन दाबलं नाही. म्हणजे बरी असणार.

सकाळी यंत्राच्या फोनच्या वेळेला तो पाना आणि वायसर खिशात घेऊन पोहोचला. दाराचा रंग नवा होता. दार लोटलेलं होतं. आतून आत्याचा आवाज येत होता.

"...तर मी तिला स्पष्ट म्हटलं, बाई गं, माझ्या पायरीवर तुझी कुंडी नको. ती म्हणाली, ऊन तिथेच येतं. आता ऊन काय तिच्या बापाचं?"

"हं," एका पुरुषाचा आवाज म्हणाला.

संस्थापक दारातच थांबला. घरात कोणी आलं आहे, आपण नंतर यावं, असा त्याने विचार केला. तेवढ्यात तो आवाज "मग?" म्हणाला आणि तो कोणाचा आहे ते त्याच्या ध्यानात आलं.

स्वयंपाकघरात टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता. समोर आत्या खुर्चीवर बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती. त्याला पाहून तिने न दचकता हातानेच बसायची खूण केली.

"थांब जरा, छोट्या. बोलतेय," ती म्हणाली. मग फोनकडे वळून, "अरे, तो आलाय. हो, तोच. दारात उभा आहे."

"खरं सांगता?" फोन म्हणाला.

छोट्याने विचारलं की तू फोन ठेवत का नाहीस. आत्या म्हणाली की कुंडीचं अर्धवट राहिलंय आणि मधेच ठेवणं बरं दिसत नाही. तेव्हा कुंडीचा निकाल लागेपर्यंत तो स्टुलावर बसून राहिला, आणि स्वतःचं 'हं' ऐकत राहिला. हे 'हं' असं ऐकू येतं, हे त्याला माहीत नव्हतं. भिंतीला टेकून झोपलेल्या माणसाचं असावं तसं ते होतं.

फोन ठेवून झाल्यावर त्याने पाना काढला आणि नळापाशी गेला. नळ कोरडा होता.

"तो कधीच झाला," आत्या म्हणाली. "सांगितलं होतं की तुला."

"कधी?"

"सकाळी. फोनवर."

मग एकेक बाहेर यायला लागलं. शेजारच्या जुन्या बाई मुलाकडे राहायला गेल्या, तेही तिने सांगितलं होतं. डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तर ती बराच वेळ बोलली होती. छोट्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चष्मा नवा होता आणि त्यामागचा एक डोळा जरा जास्तच चकाकत होता. त्याने विचारलं की मग दोन का नाही दाबलंस.

"दोन दाबलं की तुला निरोप जातो. तू कामात असतोस."

"पण आत्या, ते यंत्र आहे. मी नाही त्यात."

"मला काय खुळी समजतोस?" तिने शेवटचा टॉवेल घडीवर ठेवला. "कळतं की मला. पण हं तर तुझंच आहे ना. लहानपणी तू तरी वेगळं काय करायचास? मी बोलायची, तू पुस्तकात डोकं घालून हं म्हणायचास. उलट हे 'मग?' असं विचारतं. तू ते कधी विचारलं नाहीस." जरा थांबून ती म्हणाली, "फक्त मला अहो-जाहो करतं, तेवढं बदलता आलं तर बघ."

पडताळणीचं सांगितल्यावर आत्या लगेच तयार झाली. आपण फोन ठेवत नाही म्हणून छोट्याची कंपनी बुडायला आली, हे तिच्या मनाला फार लागलं. तिने इस्त्रीची साडी नेसायची ठरवली आणि आपण खरं माणूस आहोत हे नीट कसं सांगायचं, याची तयारी सुरू केली. परत येताना बसमध्ये छोट्याने पडताळणीचे नियम बारकाईने वाचले, आणि तो एके ठिकाणी अडकला. संस्थापकाच्या घरातली किंवा त्याच्या नियमित संपर्कातली व्यक्ती ग्राहक धरली जाणार नाही, असा त्यात एक नियम होता. आत्या माणूस आहे हे सिद्ध झालं, तरी ती आत्या आहे हे राहणारच होतं.

खोटं सांगावं असं त्याला वाटलं नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी आत्याला फोन करून 'मावशी म्हणून नको, आत्या म्हणून नको, ओळखीची म्हणून सांग' असं म्हणायला त्याने फोन उचललाही होता. पण सकाळची वेळ होती. तिची लाइन लागली नाही.

ठरल्या दिवशी तो आत्याकडे लॅपटॉप घेऊन गेला आणि तो टेबलावर मांडून स्वतः कॅमेऱ्यात दिसणार नाही असा कडेला स्टुलावर बसला. पडद्यावर पडताळणीवाल्या बाई आल्या. डोक्यावर हेडफोन, मागे पांढरी भिंत, चेहरा दमलेला. मदत-खिडकीतलं माणूस ते हेच. सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. आत्याने नाव सांगितलं, खिडकी उघडून रस्ता दाखवला, आणि फोनवर काय बोलता असं विचारताच कुंडीचं प्रकरण पहिल्यापासून सांगितलं. बाई लिहून घेत होत्या. मधेच त्या लिहायच्या थांबल्या आणि नुसत्याच ऐकू लागल्या. कुंडीवाल्या शेजारणीने शेवटी काय केलं, असं त्यांनी आपण होऊन विचारलं; ते नियमांत नसावं.

मग त्यांनी घसा साफ केला.

"तुमचं आणि संस्थापकांचं काही नातं आहे का?"

छोट्याने स्टुलावर डोळे मिटून घेतले.

"भाचा आहे माझा," आत्या म्हणाली. "मीच वाढवलाय."

बाईंचा चेहरा पडला. त्यांनाही तो पडू द्यायचा नसावा असं वाटलं. त्या म्हणाल्या की मग अवघड आहे. तरी एक विचारावं लागतं म्हणून विचारते.

"तुम्ही एकमेकांच्या नियमित संपर्कात असता का?"

"छे हो," आत्या म्हणाली. "अजिबात नाही."

ती अगदी सहज म्हणाली. पावसात कपडे वाळत नाहीत असं सांगावं तसं. बाईंनी विचारलं की याला काही आधार आहे का. तेव्हा आत्याने मदत करायची म्हणून उत्साहाने एकेक गोष्ट पुढे मांडली. नळाचं सांगितलं. रविवारचं सांगितलं. दाराला जुना रंग होता तेव्हा तो येऊन गेला होता, त्यानंतर नाही. ऑपरेशनला रिक्षावाला बरोबर थांबला होता, तोच सही करून गेला. कागद आहे, हवा तर दाखवते. तिने उठून कपाटातून कागद आणला आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

"परवा आला होता," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "पण ते तुमच्या कामासाठी."

"ते धरत नाही," बाई म्हणाल्या.

त्या बराच वेळ काही लिहीत होत्या. मग खालच्या आवाजात त्यांनी सांगितलं की संपर्क नाही असं सिद्ध होतंय, त्यामुळे ग्राहक खरा आणि अर्ज पात्र. अभिनंदन. हे म्हणताना त्या आत्याकडे पाहत नव्हत्या. लॅपटॉप बंद झाल्यावर आत्याने छोट्याकडे वळून पाहिलं. तिचा चेहरा परीक्षेतून बाहेर आलेल्या मुलीसारखा फुलला होता.

"बरोबर सांगितलं ना रे सगळं?"

छोट्या हं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीवर येऊन त्याने ईमेल उघडली. क्रेडिट जमा झालं होतं. पूर्ण वर्षाचं. पान हिरवं झालं होतं आणि तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की ज्या कारणांवरून पात्रता दिली आहे त्यांत बदल झाल्यास आम्हाला त्वरित कळवावं. त्याने ते दोनदा वाचलं. मग ही बातमी कोणाला सांगावी म्हणून त्याने आजूबाजूला पाहिलं. भागीदार मीटिंगमध्ये होता. खाली जाऊन लॉन्ड्रीवाल्याला सांगितलं, तर त्याने विचारलं की म्हणजे तुमच्या वाफेच्या तक्रारीचं काय. समोरची खुर्ची नेहमीसारखी मोकळी होती.

त्याने आत्याला फोन लावला. एंगेज. जरा वेळाने पुन्हा लावला. एंगेज.

तेव्हा त्याचं लक्ष पडद्याकडे गेलं. ग्राहक क्रमांक चारपुढे दिवा लागलेला होता. आत्या त्याच्याशीच बोलत होती. बाजूला लाल बटण होतं. ते दाबलं असतं तर लाइन मोकळी झाली असती. त्याने माउसचा बाण तिथवर नेलाही. पण मधेच तोडणं बरं दिसलं नसतं. तो हात मांडीवर घेऊन आपली पाळी यायची वाट बघत बसला. खालून वाफ येत होती आणि काचा धूसर होत होत्या.

बऱ्याच वेळाने दिवा विझला. त्याने लगेच नंबर लावला.

"आत्ताच तर बोललो आपण," आत्या म्हणाली. "काही राहिलं का?"

राहिलं पुष्कळ होतं. क्रेडिटचं होतं, रविवारचं होतं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती काय बोलली ते विचारायचं होतं. यातलं काय आधी काढावं ते त्याला कळेना. तेवढ्यात आत्याच बोलली, की बाकी काही नाही, त्या शेजारणीने आज कुंडी उचलली.

"हं," तो म्हणाला.

तिकडे आत्या थांबली, नेहमी थांबते तशी. समोर पात्रतेचं हिरवं पान उघडंच होतं. त्याने लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

"मग?" त्याने विचारलं.

लाइन गेली की काय असं त्याला वाटलं.

"थांब," आत्या म्हणाली. "खुर्ची ओढून घेते."